मशीन देता, तं मोजायचं सामान पण द्या : विदर्भातल्या जिल्हा नियोजन समित्यांना खुलं पत्र

प्रति,
विदर्भातल्या सगळ्या जिल्हा नियोजन समित्यांचे अध्यक्ष म्हणजे आमचे पालकमंत्री, जिल्हाधिकारी साहेब, अन् समितीवर बसणारे सगळे आमदार, जिल्हा परिषदेचे न नगरपालिकेचे मेंबर यांना,

नमस्कार.

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यात, नोकरी विदर्भातल्याच एका हॉस्पिटलात. आमच्या कामाचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसते. पेशंट आम्हाला डॉक्टर म्हणतात, डॉक्टर आम्हाला फिजिक्सवाले म्हणतात, अन् अकाउंट सेक्शनला आम्ही एक्स-रेवाले वाटतो. काम काय, तर कॅन्सरच्या पेशंटला जो शेक देतात, रेडिएशन, तो डॉक्टरने लिहिला तेवढाच अन् लिहिला तिथंच पडते का हे मोजून बघणं. पडत नसेल तर मशीन थांबवणं. हे दुसरं काम जास्त अवघड आहे, कारण बाहेर वेटिंगमध्ये लोकं बसलेले असतात.

मागणी एकच आहे अन् ती आधीच सांगून टाकतो, मीटिंगमध्ये पूर्ण पत्र कोणी वाचत नाही हे मला माहीत आहे. तुमच्या निधीतून किंवा तुमच्या शिफारशीनं जिथं जिथं लायनॅक, म्हणजे विजेवर चालणारं शेक द्यायचं मशीन, येते, तिथं डोस, म्हणजे पडलेला शेक, तीन बाजूंनी, म्हणजे लांबी-रुंदी-खोली तिन्हीमध्ये मोजायची सोय त्याच प्रस्तावात धरा. आणि अकरा जिल्ह्यांनी मिळून एक सामायिक सेट घ्या, जो एका जागी राहील अन् वर्षातून एकदा प्रत्येक सेंटरला फिरेल. बस. आता हे का, ते सांगतो, लांबण लागली तर माफ करा.

आपल्याकडे कॅन्सर म्हटलं की बहुतेक वेळा तोंड न गळा. सुपारी-तंबाखूचा खर्रा. तुमच्या सगळ्यांच्या गाडीचे ड्रायव्हर खातात, काही मेंबर पण खातात, त्यावर मी बोलत नाही, 2012 ला गुटख्यावर बंदी आली अन् पानठेल्यावर काय बदललं ते तुम्हाला दिसतेच. तर गालाचा, जिभेचा, घशाचा पेशंट येतो. पूर्ण कोर्स म्हणजे 66 ते 70 ग्रे, रोज 2 ग्रे, आठवड्यात पाच दिवस, सहा-सात आठवडे. ग्रे म्हणजे काय, तर एक किलो मांसात एक जूल ऊर्जा. ऐकायला काहीच नाही, एवढ्यानं कपभर चहा कोमट पण होत नाही, पण पेशीच्या आतल्या डीएनएचे धागे तोडायला पुरते. आता ही गाठ कुठं बसली आहे बघा. मागे मणक्यातून स्पायनल कॉर्ड जाते, तिला साधारण 45 ते 50 ग्रेच्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर माणूस लुळा पडू शकतो. बाजूला लाळेच्या ग्रंथी, त्यांना सरासरी 25-26 च्या वर गेलं की तोंड कायमचं कोरडं, भाकरी गिळायला प्रत्येक घासाला पाणी. म्हणजे गाठीवर 70 अन् थोड्याच सेंटीमीटरवर 45 च्या खाली. डोसचा असा कडा उभा करायचा माणसाच्या मानेत, रोज, न दिसणाऱ्या किरणांनी.

आधी कोबाल्टचं मशीन होतं तेव्हा हा प्रश्न एवढा नव्हता. कोबाल्ट-60 चा सोर्स, चौकोनी फिल्ड, म्हणजे किरणं पडायची चौकट, दोन बाजूंनी दोन फिल्ड, मधात शिशाचा ब्लॉक. आपलं देशी भाभाट्रॉन पण त्याच जातीतलं, बीएआरसीने, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलं, 2005 मध्ये पहिलं नवी मुंबईच्या ॲक्ट्रेकमध्ये, टाटा मेमोरियलच्या सेंटरमध्ये, लागलं. चांगलं मशीन आहे, वीज कमी लागते, अजून कामाचं आहे. त्यात पाण्याच्या टाकीत एका ठिकाणी चेंबर, म्हणजे डोस मोजायची छोटी नळी, ठेवून डोस मोजला की बाकी ठिकाणचा हिशोब टेबलावरून बऱ्यापैकी लागायचा, कारण बीमचा आकार साधा. लाळ मात्र दोन्ही बाजूची जायची, त्याला इलाज नव्हता.

लायनॅक आलं, त्यावर आयएमआरटी आलं, म्हणजे शेकाची ताकद जागोजागी कमी-जास्त करायची पद्धत, मग व्हीमॅट आलं. व्हीमॅटमध्ये मशीनचं डोकं पेशंटभोवती गोल फिरते, फिरता फिरता डोस सोडायचा वेग बदलते, अन् डोक्यात टंगस्टनच्या पट्ट्या असतात, बऱ्याच मशीनमध्ये पेशंटच्या ठिकाणी 5 मिलिमीटर रुंदीच्या, त्या प्रत्येक क्षणाला आत-बाहेर सरकत राहतात. एकाच वेळेस तीन-चार गोष्टी हलून राहिल्या. कॉम्प्युटरने प्लॅन काढलेला असतो, स्क्रीनवर रंगीत ढगासारखा डोस दिसते, फार सुंदर दिसते, मंत्री-संत्री आले की आम्ही तोच स्क्रीन दाखवतो. पण तो हिशोब आहे. मोजमाप नाही. कॉम्प्युटरला जे मॉडेल दिलं त्यावर तो चालते. पट्टीच्या टोकाची जाडी मॉडेलमध्ये थोडी चुकली, एखादी पट्टी मोटर थकल्यामुळे उशिरा पोचली, तर ढग स्क्रीनवर तसाच सुंदर राहते, पेशंटमध्ये नाही.

जगात हे होऊन गेलेलं आहे. 2000-01 मध्ये पनामात प्लॅनिंगच्या कॉम्प्युटरला ब्लॉकची माहिती वेगळ्या पद्धतीने भरली गेली, कॉम्प्युटरने तक्रार केली नाही, अन् 28 पेशंटला जास्तीचा डोस गेला, त्यातले बरेच गेले. न्यूयॉर्कमध्ये 2005 ला एका पेशंटच्या वेळी कॉम्प्युटर क्रॅश झाल्यावर पट्ट्यांची माहिती सेव्हच झाली नाही, पट्ट्या पूर्ण उघड्या राहिल्या, अन् तीन दिवस तसाच शेक गेला. मोजून बघायची टेस्ट तिसऱ्या दिवसानंतर झाली. तो माणूस वाचला नाही. गरीब देश, श्रीमंत देश असा काही फरक त्यात नाही, मोजायच्या आधी पेशंट टेबलावर गेला एवढंच.

मग आम्ही आज मोजतो की नाही? मोजतो. कसं, ते बघा, कारण तुमच्यापैकी कोणी संध्याकाळी सातनंतर रेडिओथेरपीत आलेलं नाही.

शेवटचा पेशंट उतरला की टेक्नॉलॉजिस्ट हेडरेस्ट काढतो, पेशंटचं डोकं हलू नये म्हणून घातलेला मास्क रॅकवर लावतो. मग आम्ही दोघं मिळून फॅन्टम उचलतो, जड असते, एकट्याने उचललं तर कंबर जाते. हे प्लास्टिकचं सिलिंडर, आत डोस मोजणारे छोटे डायोड बसवलेले, एका प्रसिद्ध मॉडेलमध्ये 1386 डायोड आहेत, एकमेकांपासून एक सेंटीमीटरवर. काऊचवर, म्हणजे पेशंटच्या टेबलावर ठेवायचं, भिंतीवरच्या लाल-हिरव्या लेसर रेषा त्याच्यावरच्या खुणांशी जुळवायच्या, लेव्हल बघायची, केबल दाराखालून कन्सोलपर्यंत ओढायची, केबल जुनी झाली की कनेक्टर हलवून हलवून लावायचा. मग उद्याच्या नव्या पेशंटचा प्लॅन त्या सिलिंडरवर पूर्ण चालवायचा, जणू तोच पेशंट. तेवढ्यात लाइट गेली तर जनरेटरवर मशीन परत वॉर्मअप. शेवटी स्क्रीनवर ठिपके येतात, अन् सॉफ्टवेअर एक आकडा काढून देते, गॅमा पासिंग रेट.

हा गॅमा 1998 पासून चालत आलेला आहे. प्रत्येक पॉइंटला दोन गोष्टी एकत्र बघतात: डोसमध्ये किती टक्के फरक, आणि तेवढाच डोस किती मिलिमीटर सरकून सापडतो. अमेरिकेतल्या फिजिसिस्टांच्या संघटनेचा टास्क ग्रुप 218 चा रिपोर्ट 2018 मध्ये आला, त्यात 3 टक्के आणि 2 मिलिमीटर हा निकष, अन् 95 टक्के पॉइंट पास झाले पाहिजे असं सांगितलं. 97 टक्के आले की आम्ही सही करतो, फाइलला लावतो, घरी जातो.

आता खरी गोष्ट. कापूस विकणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. जिनिंगवर गाडी लागली की ग्रेडर वरचा कापूस बघून भाव करत नाही, तो हात कोपरापर्यंत आत घालतो न मधातून मूठभर काढतो, तिथं मॉइश्चर मीटर लावतो, कारण वरून वाळलेली गाडी आतून ओली असू शकते हे त्याला माहीत असते. आमचे डायोड सिलिंडरच्या कडेने बसवलेले आहेत. आतला डोस सॉफ्टवेअर अंदाजाने भरून काढते. वरचं मोजलेलं, मधातलं मानलेलं.

आणि 97 टक्के पास म्हटलं तर उरलेले 3 टक्के कुठं आहेत हे तो आकडा सांगत नाही. पाठीच्या चरबीत असले तर काही बिघडत नाही. सगळेच्या सगळे स्पायनल कॉर्डच्या शेजारी असले तर? आकडा तोच, 97. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, 2011 मध्ये अमेरिकेत अभ्यास निघाला की पासिंग रेट चांगला आला म्हणून पेशंटच्या अवयवातला डोस बरोबर असेलच असं नाही, दोघांचा संबंध फार कमजोर आहे. ह्यूस्टनला एक सेंटर आहे, ते हॉस्पिटलांना टपालाने मान-डोक्याचा प्लास्टिकचा पुतळा पाठवते, आत मोजायची पावडर न फिल्म असते, हॉस्पिटलने त्याचा सीटी काढायचा, प्लॅन करायचा, शेक द्यायचा अन् परत पाठवायचा. 2008 मध्ये त्यांनी आकडे छापले, 250 वेळा हा पुतळा शेकला गेला, पास झाले फक्त 71 टक्के. अन् निकष काही कडक नव्हता, 7 टक्के आणि 4 मिलिमीटर! ही हॉस्पिटलं मोठ्या ट्रायलमध्ये भाग घेणारी, म्हणजे त्यांच्यातली चांगलीच. नंतर 2014 मध्ये त्याच सेंटरकडून आलं की जे या पुतळ्यात फेल झाले त्यांच्या घरच्या क्यूएमध्ये, म्हणजे स्वतःच्या तपासणीत, बहुतेकांना पासच दाखवलं होतं.

मी हे वाचलं तेव्हा दोन-तीन दिवस स्क्रीनवरच्या प्रत्येक पास झालेल्या हिरव्या ठिपक्याकडे संशयानं बघत होतो.

मधात एक सांगतो. आर्णीकडचे एक बाबाजी आमच्याकडे होते, गालाचा कॅन्सर, कोर्सच्या मधातच वजन एवढं उतरलं की मास्क ढिला झाला. मास्क घालताना त्यांनी विचारलं, "भाऊ, हा शेक नेमका कुठी लागून राह्यला हे तुमाले दिसते का?" मी म्हटलं, दिसत नाही बाबाजी, पण हिशोब बरोबर आहे. ते म्हणाले, "हिशोब तं सावकाराचा बी बरोबर असे." टेक्नॉलॉजिस्ट हसला, मी पण हसलो, पण त्यांच्या बोलण्यात खोट काढायला मला जागा सापडली नाही.

तर दिसेल असं काही आहे का? आहे. चाळीस वर्षांपासून आहे. 1927 मध्ये फ्रिके नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की हिराकस, म्हणजे फेरस सल्फेटच्या द्रावणावर रेडिएशन पडलं की लोहाची जात बदलते, फेरसचं फेरिक होते, किती बदललं त्यावरून डोस कळतो. 1984 मध्ये गोर न त्याच्या सोबतच्यांनी दाखवलं की हा बदल एमआरआयच्या तंत्रानं मोजता येते, म्हणजे तेच द्रावण जेलीमध्ये गोठवलं की डोसचा तीन बाजूंचा नकाशा मिळतो. अडचण एकच, जेलीत ते आयन हळूहळू पसरत जातात, तासा-दोन तासात नकाशा पुसट. मग 1993 च्या आसपास पॉलिमर जेल आलं, त्यात रेडिएशन पडलं तिथं छोटे रेणू जोडून लांब साखळ्या बनतात अन् जिथल्या तिथं अडकून बसतात, पसरत नाहीत. त्याच्यात पण खोडी, हवेतला ऑक्सिजन घुसला की साखळ्या बनायच्याच थांबतात, म्हणून नायट्रोजनच्या पेटीत बनवावं लागायचं. 2001 मध्ये असं जेल निघालं जे साध्या टेबलावर बनवता येते: जिलेटिन, मेथाक्रिलिक ॲसिड, व्हिटॅमिन सी, आणि चिमूटभर मोरचूद. हो, तोच निळा मोरचूद जो तुम्ही संत्र्याच्या झाडाला बोर्डो लावताना चुन्यात टाकता. व्हिटॅमिन सी आणि मोरचूद मिळून ऑक्सिजन खाऊन टाकतात, एवढंच त्याचं काम.

शिकत होतो तेव्हा एका लॅबमध्ये हे जेल मी हातात घेतलं. काचेचा गोल चंबू, आत पारदर्शक जेली, पलीकडचा माणूस स्पष्ट दिसत होता. शेक देऊन दुसऱ्या दिवशी काढलं तर जेलीच्या मधोमध दुधाळ पांढरा आकार लटकलेला. वाकडा, एका बाजूने खोबण पडलेला, जिथं कॉर्ड वाचवायची होती तिथं. स्क्रीनवर बघितलेला तोच ढग, पण हा खरा, चंबू फिरवला की मागची बाजू पण दिसते, खालून पण दिसते. मग तो एमआरआयमध्ये टाकला की जिथं जास्त पांढरं तिथं सिग्नल लवकर मरतो, त्याच्यावरून प्रत्येक मिलिमीटरचा डोस काढता येतो. एमआरआय नसेल तर प्रकाशाने वाचायचं मशीन पण येते, ऑप्टिकल सीटी म्हणतात, अन् जेलऐवजी प्लास्टिकचा घट्ट ठोकळा पण येते जो शेक पडला तिथं हिरवा होतो. फिजिक्स शिकून माझी बरीच वर्षं गेली, पण रेडिएशन डोळ्यानं बघायचा प्रसंग तेवढाच.

आता तुम्ही म्हणाल, मग रोज प्रत्येक पेशंटला हेच करा. नाही होत, अन् कोणी विकायला आला न तसं म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. प्रत्येक वेळेस जेलची नवी बॅच, प्रत्येक बॅचचं वेगळं कॅलिब्रेशन, शेक दिल्यावर जवळपास एक दिवस थांबायचं, मग एमआरआयच्या खोलीत रात्रभर ठेवायचं की तापमान सारखं व्हावं, कारण तापमान हललं की रीडिंग हलते. काही जेलमध्ये ॲक्रिलामाइड असते, ते नसांना विषारी, हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही. अन् मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरला 45 डिग्री, जिलेटिन तिशीतच वितळते, गाडीच्या डिक्कीत जेलीचं पाणी होऊन जाईल. जगभरातच हे म्हणून रोजच्या कामात आलं नाही, मोठी मोठी सेंटरं पण खास वेळेलाच वापरतात. रोजच्या कामाला डायोडचं सिलिंडर आहे, मशीनच्या पट्ट्या कधी कुठं होत्या याची लॉग फाइल आहे, पेशंटच्या पलीकडं बसवलेला इमेजिंग पॅनल आहे ज्याच्यावर पेशंटमधून पार झालेला डोस पकडून उलटा हिशोब करून पेशंटच्या आतला तीन बाजूंचा डोस काढता येतो. ॲम्स्टरडॅमच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये हे रोजच्या कामात चालते. बाबाजींसारखं वजन उतरलेलं पण त्याच्यात पकडलं जाते, कारण तिथं फॅन्टम नाही, खरा पेशंट मोजला जातो. आपल्याकडच्या बऱ्याच लायनॅकला तो पॅनल लागलेलाच असतो, सॉफ्टवेअरचं लायसन्स घेतलेलं नसते.

का घेतलेलं नसते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. प्रस्ताव येतो तेव्हा त्यात लायनॅक असते, खाली चार-पाच ओळी ॲक्सेसरी म्हणून असतात. फॅन्टम, चेंबर, ॲरे, लायसन्स. मग किंमत जास्त झाली की कुठून कापायचं? मशीन तर कापता येत नाही. एका ठिकाणी, नाव घेत नाही, खरेदीच्या मीटिंगमध्ये मला विचारलं गेलं, "याच्याशिवाय मशीन चालते ना?" चालते साहेब. मीटर नसलेला पेट्रोल पंप पण चालते. ती ओळ कापली गेली, पुढच्या वर्षी बघू म्हटलं, पुढचं वर्ष म्हणजे मार्च एन्ड, निधी परत जाऊ नये म्हणून जे लवकर येते ते घेतलं गेलं, आमच्याकडे आलं वेटिंग रूमला मोठं टीव्ही.

टीव्हीला माझा विरोध नाही, लोकं मॅच बघतात.

नियमाचं बोलाल तर नियम आहे. एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय लायनॅक सुरू होत नाही, मंजूर रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर पाहिजेच, मशीनची ठरलेली क्यूए पाहिजेच. बीएआरसी टपालाने डोस मोजायचं छोटं सामान पाठवते, त्यावर ठरलेला डोस द्यायचा न परत पाठवायचं, ते वाचून सांगतात बरोबर की चूक. जगात ही पद्धत आयएईए, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, न डब्ल्यूएचओने 1969 पासून चालवली, भरवशाची आहे. पण ती काय तपासते, तर एका साध्या चौकोनी फिल्डमध्ये एका पॉइंटचा डोस. म्हणजे मशीनचं किलो बरोबर एक किलो आहे का एवढं. व्हीमॅटच्या प्लॅनमध्ये मानेच्या आत काय होते, ते त्याच्यात येत नाही अन् यायचं पण नव्हतं.

म्हणून सामायिक सेट म्हणतो. त्यात काय असावं ते पण सांगतो. मान-डोक्याचा एक माणसासारखा फॅन्टम, हाडं-हवा-मांस वेगवेगळ्या घनतेचं, आत फिल्म, छोटे चेंबर अन् जेलचा डबा बसेल असा. छोटे चेंबर यासाठी की आमच्याकडं जो फार्मर नावाचा चेंबर असतो तो दोन सेंटीमीटरच्या वर लांब, उभ्या कड्यासारख्या डोसमध्ये तो ठेवला की वरचं-खालचं सगळं सरासरी करून टाकते. जेल बनवायला साधी लॅब, फ्रिज, चांगला थर्मामीटर. वाचायला एमआरआय, तो नव्याने घ्यायचा नाही, मेडिकल कॉलेजात आहेच, फक्त महिन्यातून ठरलेल्या रात्री आम्हाला मिळाला पाहिजे, लेखी, नाहीतर रेडिओलॉजीच्या दारात उभं राहून "भाऊ, पंधरा मिनिटं" म्हणायची पाळी येते. अन् दोन माणसं, जे फक्त हेच करतील. कंत्राटी नको, अकरा महिन्यांनी ऑर्डर संपली की शिकलेलं माणूस पुण्याला जाते.

हा सेट दिवाळी ते होळी फिरवायचा, थंडीत, म्हणजे जेल वितळत नाही. नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, अकोला, जिथं लायनॅक आहे किंवा येणार आहे तिथं. हॉस्पिटलने पुतळ्याला पेशंटसारखंच वागवायचं: मास्क करायचा, सीटी काढायचा, डॉक्टरने गाठ आखायची, फिजिसिस्टने प्लॅन करायचा, टेक्नॉलॉजिस्टने रोजच्या पद्धतीने लावून शेक द्यायचा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. यातच खरं काय ते कळते, कारण गडबड नेहमी मशीनमध्येच असते असं नाही, कधी सीटीच्या घनतेच्या टेबलमध्ये असते, कधी काऊच प्लॅनमध्ये धरलेलाच नसतो, कधी लेसर दोन मिलिमीटर सरकलेला असतो अन् कोणाच्या लक्षात आलेलं नसते. एक माणूस, एक दिवस, एक मशीन असं मोजून हे सापडत नाही.

निकाल आला की तो कोणाला शिक्षा करायला वापरू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. नाहीतर पुढच्या वर्षी पुतळ्यासाठी वेगळा, नटवून ठेवलेला प्लॅन तयार होईल, आपले लोकं हुशार आहेत. फेल झालं तर दुरुस्त करायला किती दिवस, कोण येणार, तोपर्यंत अवघड पेशंट कुठं पाठवायचे अन् त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च कोण देणार, एवढं आधी ठरवा. गडचिरोलीच्या आतल्या गावातून आलेला माणूस नागपूरला धर्मशाळेत राहून कोर्स करते, त्याला मधातच "मशीन चेक होत आहे, दुसरीकडं जा" म्हटलं तर तो दुसरीकडं जात नाही, गावाला जाते. अन् मधात थांबलेला कोर्स म्हणजे गाठीला परत वाढायला वेळ.

आणखी एक, हे पैशाचं नाही, वेळेचं आहे. क्यूएला मशीनचा वेळ लागते अन् तो वेळ कोणाच्या रजिस्टरमध्ये नसते. महिन्याच्या रिव्ह्यूमध्ये तुम्ही विचारता, किती पेशंट झाले. जास्त झाले तर टाळ्या. त्याच तक्त्यात एक कॉलम वाढवा: किती प्लॅन शेक द्यायच्या आधी मोजले. जनआरोग्य योजनेत क्लेम टाकताना एवढे फोटो, एवढे कागद लागतात, त्यात मोजल्याचा एक कागद पण मागा ना. ज्या दिवशी तो कागद नसला तर पैसे अडकतील, त्या दिवशी फॅन्टमची ओळ कोणी कापणार नाही, हे मी तुम्हाला लिहून देतो.

काही जण म्हणतील, अरे इथं लायनॅकच नाही, लोकं दोनदोन महिने नंबरला थांबून राहिले, अन् तू मोजायचं घेऊन बसला. बरोबर आहे, ज्या जिल्ह्यात काहीच नाही तिथं आधी मशीन पाहिजे, त्यात वाद नाही. मी मशीन कमी करा म्हणत नाही. कोट्यवधींच्या मशीनसोबत त्याच्या किमतीच्या छोट्या तुकड्यात जे येते ते त्याच दिवशी घ्या म्हणतो, कारण नंतर कधीच येत नाही, अन् अकरा जिल्ह्यांत वाटला तर सामायिक सेटचा वाटा एका जिल्ह्याला रस्त्याच्या एखाद्या पॅचएवढाही पडणार नाही. आयसीआरयू या रेडिएशन मोजमापाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 1976 मध्येच सांगून ठेवलं की पेशंटला दिलेला डोस 5 टक्क्यांच्या आत बरोबर पाहिजे. 70 ग्रेचे 5 टक्के म्हणजे साडेतीन ग्रे. कमी पडले तर गाठ परत येते, जास्त पडले तर जबडा, गिळणं, मणका. दोन्ही गोष्टी सहा महिने-वर्षानंतर दिसतात अन् तेव्हा सगळे म्हणतात, कॅन्सरच तसा होता.

पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर हा विषय घ्या. "आरोग्य" या डोक्याखाली शेवटी टाकला तरी चालेल, फक्त "आयत्या वेळचे विषय" मध्ये नको, तोपर्यंत निम्मे मेंबर जेवायला गेलेले असतात. अंदाजपत्रक, स्पेसिफिकेशन, कोणत्या सेंटरला काय आहे न काय नाही याचा तक्ता, हे मी अन् माझ्यासारखे इतर जिल्ह्यातले फिजिसिस्ट मिळून तयार करून देऊ, त्याचे पैसे नको. जिल्हाधिकारी कार्यालयातून एक पत्र निघालं तर हॉस्पिटल मला त्या दिवशी सुटी देईल, फोनवर देत नाही. संध्याकाळची मीटिंग असली तर सातच्या आधी ठेवा, सातनंतर मी फॅन्टम उचलून राहिलो असतो.

आपला,
एक मेडिकल फिजिसिस्ट
यवतमाळ जिल्हा